पेटीवाल्यांच्या गल्लीचा अभ्यास

अब्बांचं दुकान ज्या गल्लीत होतं तिथे हळू बोलून काही उपयोग नसायचा. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या करणारे. सकाळी शटरं वर गेली की पत्र्यावर हातोडे पडायला लागायचे, आणि गल्लीतून जाणारी माणसं तोंड वाकडं करून भराभर पुढे सरकायची. आम्हाला त्या आवाजाचं काही वाटत नसे. लहानपणी मी दुकानात मागे रचून ठेवलेल्या पत्र्यांवर गाढ झोपलेली आहे, असं अम्मी सांगते.

नगरला लष्कराची मोठी छावणी आहे. देशभरातून पोरं इथे शिकायला येतात आणि शिक्षण संपलं की कुठल्यातरी सरहद्दीकडे रवाना होतात. जाताना प्रत्येकाला एक काळी पेटी लागायची. ती आमच्या गल्लीतून जायची. अब्बा पत्रा कापायचे, वाकवायचे, ठोकायचे, कडी-कोयंडा बसवायचे. माझा मोठा भाऊ, ज्याला मी भाईच म्हणते, तो पेटीला काळा रंग द्यायचा आणि झाकणावर पांढऱ्या रंगात त्या जवानाचं नाव लिहायचा. साचा नाही, पट्टी नाही, नुसता ब्रश. कुठलं कुठलं नाव असायचं. केरळातलं, मणिपूरमधलं, हिमाचलातलं. भाई त्या पोराला समोर स्टुलावर बसवायचा, एकेक अक्षर विचारायचा, मग गावाचं विचारायचा, घरी कोण कोण आहे ते विचारायचा. एक नाव लिहायला त्याला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या दुप्पट लागायचा. अब्बा त्यावरून बोलायचे, पण त्यांनाही ते आवडायचं. माणूस नाव वाळेपर्यंत थांबतो, आणि थांबलेला माणूस कुलूपही आपल्याकडूनच घेतो, असं त्यांचं म्हणणं.

घरी आम्ही दख्खनी बोलतो, बाहेर मराठी, आणि कुठे एक संपून दुसरी सुरू होते ते आमचं आम्हालाही कळत नाही. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे.

आम्ही राहायला केडगावला. सकाळी अब्बा भाईच्या स्कूटरवर मागे बसून शहरात जायचे. मी बी.कॉम. झाले आणि एम.कॉम.ला नाव घातलं तोवर अब्बांना बरंच कमी ऐकू यायला लागलं होतं. पत्र्याच्या धंद्यात ते होतंच. कानाचं मशीन आणलं, पण ते लावून दुकानात बसलं की प्रत्येक ठोका डोक्यात खिळा मारल्यासारखा वाटतो म्हणून त्यांनी ते कुलपांच्या खणात ठेवून दिलं. मग आम्ही सगळेच त्यांच्याशी ओरडून बोलायला लागलो. आमच्या घरातलं काहीच शेजाऱ्यांपासून लपून राहत नसे.

एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी प्रकल्प दिला. एक उद्योग निवडायचा आणि त्याचा, त्याच्या भोवतीच्या सगळ्या परिस्थितीचा अभ्यास करायचा. माल कुठून येतो, कोण बनवतं, कोण घेतं, स्पर्धा कुणाशी, सरकारचे नियम काय, पुढे काय दिसतं. आणि हे सगळं आधी ग्रंथालयात बसून.

"लगेच दुकानात जाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "आधी वाचा. नाहीतर दुकानदाराला जे वाटतं तेच तुम्ही लिहून आणाल."

वर्गातल्या निम्म्या मुलांनी साखर घेतली, बाकीच्यांनी दूध. दोघातिघांनी एमआयडीसीतले गाड्यांचे सुटे भाग. मी पत्र्याच्या पेट्या म्हटलं तेव्हा मागून कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "घे," म्हणाल्या, "पण छापील काही मिळतंय का ते तूच बघ. मिळालं नाही तर ऐनवेळी बदलून देणार नाही."

पहिले काही दिवस मला काहीच मिळालं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या ग्रंथपाल बाई वयानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. मी रोज येते, कपाटं उघडते, बंद करते आणि रिकाम्या हातानं जाते हे त्यांनी बघितलं असावं. एके दिवशी त्यांनी बोलावून घेतलं. मी विषय सांगितला, अब्बांच्या दुकानाचंही सांगितलं.

"पेटी म्हणून शोधत बसशील तर वर्षभर मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "सरकारनं तुझ्या वडिलांना कुठल्या रांगेत बसवलंय ते आधी शोध. मग त्या रांगेतली सगळी पुस्तकं तुझी."

त्यांनी उद्योगांच्या सरकारी वर्गवारीचा एक जाडजूड ग्रंथ काढून दिला. त्यात प्रत्येक धंद्याला आकडा असतो. काजू फोडण्याला आहे, छत्र्या शिवण्याला आहे, अगरबत्तीला आहे. मी बोट फिरवत फिरवत बसले. शेवटी आम्ही सापडलो, आणि तेही दोन ठिकाणी. एकीकडे कातडी पिशव्या आणि सुटकेसवाल्यांच्या शेजारी, दुसरीकडे पत्र्याची पिंपं आणि डबे करणाऱ्यांच्या शेजारी. त्या दिवशी घरी आल्यावर मी अब्बांच्या कानाशी तोंड नेऊन हे ओरडून सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला.

"डबेवाल्यांत नको घालू," म्हणाले. "बॅगवाल्यांत घाल."

तिथून पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. मी सकाळचे तास संपवून ग्रंथालयात बसायची आणि कधी कधी शहरातल्या जुन्या वाचनालयातही जायची. तिथे वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे होते. धूळ खाल्लेले, कडा मोडलेले, पण होते. जिल्ह्याच्या जुन्या माहितीग्रंथात शहरातल्या धातुकामाविषयी एक परिच्छेद मिळाला आणि त्यात पेट्या करणाऱ्यांचा ओझरता उल्लेख होता. आमच्या गल्लीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं तर नव्हतंच. तरी मी त्या पानाची झेरॉक्स काढून दुकानात नेली. अब्बांना मराठी वाचायला वेळ लागायचा. त्यांनी एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं आणि परत पहिल्यापासून वाचलं.

"आमच्याबद्दल छापलंय?"

"व्हय अब्बा."

त्यांनी तो कागद शेजारच्या चाचांना दाखवला. चाचा म्हणजे नात्याचे नव्हेत, शेजारच्या दुकानाचे. अब्बांच्याच वयाचे. दोघांनी एकाच उस्तादाकडे काम शिकलेलं. चाचांनी कागद लांब धरून बघितला आणि म्हणाले, "फोटो न्हाई?" पण त्यानंतर मी गल्लीतून गेले की ते हातोडा थांबवून विचारायचे, "आज काय सापडलं गं?" आणि मी काहीतरी सांगायची. पत्रा कुठल्या कारखान्यातून येतो, पेटी हा शब्द सरकारी कागदात कसा लिहितात. गल्लीतल्या इतरांनाही कळलं की पेटीवाल्याची मुलगी त्यांच्या धंद्यावर पुस्तक लिहिते आहे. मी कितीदा सांगितलं की पुस्तक नाही, नुसता प्रकल्प आहे. कुणी ऐकून घेतलं नाही.

मग मी पुढचं वाचायला लागले.

ग्रंथपाल बाईंनी मला प्रवासी सामानाच्या मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला लावले. ते संगणकावर होते. गुळगुळीत चित्रं, विमानतळावर चाकाच्या बॅगा ओढत हसणारी माणसं. इंग्रजी अवघड होतं, शब्दकोश जवळ घेऊन बसावं लागायचं. एका अहवालात, पुढच्या काळातल्या संधी सांगताना, त्यांनी लिहिलं होतं की असंघटित क्षेत्राकडे अजून बराच बाजार आहे आणि तो आपल्याकडे वळवता येईल. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली आणि पुढे गेले. पान उलटल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या वाक्यातलं असंघटित क्षेत्र म्हणजे आमचे अब्बा. आणि चाचा. आणि गल्ली.

त्या दिवसापासून मी जे उघडेन त्यात तेच दिसायला लागलं. पोलादाच्या मासिकात बघावं तर पत्र्याचे भाव, आणि मोठे कारखाने गुंडाळ्याच्या गुंडाळ्या घेतात म्हणून त्यांना किती स्वस्त पडतो ते. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात छावणीच्या बातम्या शोधल्या तर जवानांच्या कॅन्टीनमध्ये चाकांच्या बॅगा आल्याची बातमी, भरतीचे नियम बदलल्याची चर्चा. प्लास्टिकवरच्या पुस्तकात आमच्या पेटीचा उल्लेख होता, पण प्लास्टिकनं कशाकशाची जागा घेतली त्या यादीत. मी बाईंना विचारलं, "याच्या उलट काही लिहिलेलं नाही का कुणी?"

त्या उठल्या, आतल्या कपाटात बराच वेळ शोधलं आणि जिल्ह्यात कोणत्या उद्योगांना वाव आहे ते सांगणाऱ्या सरकारी पुस्तिका आणून दिल्या. वेगवेगळ्या वर्षांच्या. जुन्या पुस्तिकेत छोट्या धंद्यांच्या यादीत पत्र्याच्या पेट्या होत्या. मी आनंदानं नंतरची उघडली. तिच्यात नव्हत्या. वर-खाली सगळं तसंच होतं, शेळ्या, बेकरी, शिवणकाम, फक्त मधली ओळ नव्हती. कुणी काढली, का काढली, काही लिहिलेलं नव्हतं. मी त्यानंतरचीही बघितली. तिच्यात मोबाईल दुरुस्ती आली होती.

मला रडू कोसळलं. ग्रंथालयात फारसं कुणी नव्हतं. बाईंनी त्यांची पाण्याची बाटली माझ्यासमोर ठेवली.

"रड," म्हणाल्या. "फक्त पुस्तक बाजूला सरकव. ते एकच आहे."

प्रकल्पात शेवटी निष्कर्ष लिहायचा असतो. बाकी सगळं लिहून झालं होतं, तेवढं पान मी कोरं ठेवलं. मॅडमना दाखवायला नेलं तर त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या सगळ्या प्रकरणांत निष्कर्ष लिहिलेलाच आहे. तू फक्त तो तोंडानं म्हणत नाहीयेस."

नेमक्या याच दिवसांत दुकानाच्या दुसऱ्या बाजूचा गाळा रिकामा झाला. तिथे गाद्या भरून देणारा एक जण होता, तो गाव सोडून गेला. अब्बांच्या मनात कधीपासून होतं की जागा वाढवावी, पत्रा वाकवायचं एक जुनं मशीन आणावं, पुढच्या बाजूला भाईसाठी रंगकामाची वेगळी जागा करावी, उन्हातान्हात त्याला रस्त्यावर बसायला लागू नये. गाळेमालकानं आधी अब्बांनाच विचारलं. भाई तर खूश होता. त्यानं भिंतीवर कुठे ब्रश लावायचे तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. अम्मी मात्र म्हणाली, घाई नको.

तेव्हा अब्बा म्हणाले, "घरात शिकलेली मुलगी आहे. ती सहा महिने लायब्ररीत बसून आपल्याच धंद्याचं वाचतीय. दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं?"

हे त्यांनी इतक्या अभिमानानं म्हटलं की मला दुसऱ्या खोलीत निघून जावंसं वाटलं.

शुक्रवार होता. दुपारची नमाज झाल्यावर गल्लीत थोडा वेळ हातोडे बंद असायचे. माणसं डबे उघडायची, कुणी पडून घ्यायचा. अब्बांनी मला मुद्दाम त्याच वेळेला बोलावलं, निवांत बोलता येईल म्हणून. मी वही घेऊन गेले. भाई दाराशी बसून एका पेटीवर नाव लिहीत होता. अब्बांनी माझ्यासाठी गिऱ्हाइकाचं स्टूल पुसून दिलं.

"सांग," म्हणाले. "काय म्हणतात तुझी पुस्तकं?"

मी पत्र्याच्या भावापासून सुरुवात केली. त्यांना ऐकू आलं नाही. मी आवाज चढवला. ते हसून कानामागे हात धरून बसले. मी कंपन्यांचं सांगितलं, कॅन्टीनचं सांगितलं, प्लास्टिकचं सांगितलं. ते मान डोलवत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की काहीही पोचत नाहीये. त्यांना वाटत होतं मी काहीतरी चांगलं सांगते आहे.

"मोठ्यानं बोल बेटा. शेवटचं सांग फक्त. गाळा घ्यायचा का न्हाई?"

"नको अब्बा."

"काय?"

"नको घेऊ!"

"का?"

मी वही मिटली. आणि ओरडले, "अब्बा, हा धंदा संपणार आहे! पेट्या संपणार आहेत!"

गल्लीत एकही हातोडा चालू नव्हता. माझा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. समोरच्या दुकानात जेवत बसलेल्या माणसाचा घास हातातच राहिला. चाचा त्यांच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. भाईचा ब्रश अक्षराच्या मध्येच थांबला होता, त्यानं मान वर केली नाही.

अब्बांना या वेळी ऐकू आलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग बाहेर उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं.

"मोठ्यानं बोल म्हणालो," ते अगदी हळू म्हणाले, "एवढ्या मोठ्यानं नव्हे."

अब्बांनी पत्र्याची कात्री उचलली, परत ठेवली.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"तसं लिहिलेलं नसतं अब्बा."

"मग काय लिहिलेलं असतं?"

चाचा आत आले, मला वाटलं समजूत घालतील. ते म्हणाले, "पोरी, जेवायला बसलेल्या माणसांसमोर असं बोलू नये," आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं त्यांच्या दुकानातून ठोके ऐकू यायला लागले, जेवणाची वेळ संपायच्या आधीच. मग समोरून. मग सगळीकडून.

गाळा घेतला नाही. तिथे पावभाजीवाला आला. त्यावरून घरात कुणी एक शब्दही बोललं नाही, पण गल्लीत बोलणं झालं. मी नाट लावला असं एक-दोघांनी अम्मीला थेट ऐकवलं. चाचांच्या जावयाला त्यांच्या दुकानात यायचं होतं, तो आला नाही, पुण्याकडे गेला. चाचांनी मला हाक मारणं सोडलं. आज काय सापडलं, असं कुणी विचारत नसे. मीही मग दुसऱ्या रस्त्यानं कॉलेजला जायला लागले. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. त्याची बांधीव प्रत ग्रंथालयात ठेवली. ग्रंथपाल बाईंनी तिला आकडा दिला आणि साखरेच्या प्रकल्पांच्या शेजारी लावली, दुसरी जागा नव्हती म्हणून.

अब्बा माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त मला कमी विचारायला लागले. पूर्वी टीव्हीवर काही दिसलं की, "हे खरं का गं?" म्हणून हाक मारायचे. आता टीव्हीकडे नुसते बघत बसायचे.

भाई काही महिने दुकानात राहिला. मग एके दिवशी जेवताना म्हणाला की सुप्याला एका कंपनीत रंगकामाच्या विभागात घेतायत, जातो. अब्बांनी मान हलवली. तिथे रंगकाम म्हणजे यंत्रातून उडणारी रंगाची पावडर. वस्तू साखळीला लटकून येतात, रंग घेऊन जातात. नावं लिहायची नसतात. सुप्याहून पुढे तो चाकणला गेला, खोली केली, महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचा. फोनवर अब्बांना ऐकू यायचं नाही, त्यामुळे तो व्हिडिओ कॉल करायचा आणि दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. अब्बा हातानं विचारायचे, जेवलास का. तो हातानंच सांगायचा, जेवलो.

मग टाळेबंदी आली. छावणीत येणं-जाणं थांबलं. गल्ली बंद झाली, आणि उघडली तेव्हा सगळी शटरं वर गेली नाहीत. एकानं मोबाईलची कव्हरं ठेवली. एकानं गाळा विकून टाकला. मला तोवर आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका कॉलेजात शिकवायला जागा मिळाली होती. शनिवारी घरी यायचे. अशाच एका शनिवारी अब्बांसाठी औषध घेऊन दुकानात गेले तर चाचांच्या दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. हातोडे, कात्र्या, पत्रा वाकवायची लोखंडी पट्टी, सगळं काट्यावर चढत होतं. इतक्या वर्षांनी चाचांनी मला हाक मारली. मी जवळ गेले.

"तू त्या दिवशी बोलली नसती," ते म्हणाले, "तरी बी हेच झालं असतं ना?"

"व्हय चाचा. हेच झालं असतं."

"मग ठीक हाय." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काट्याकडे वळले. त्यानंतर ते गल्लीत कधी आले नाहीत. मुलीकडे जामखेडच्या बाजूला राहायला गेले आणि तिकडेच वारले.

अब्बा सगळ्यात शेवटपर्यंत टिकले. पेट्या नाही तर धान्याच्या कोठ्या, कोठ्या नाही तर कुणाच्या कूलरचा गंजलेला पत्रा. मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि त्यांनी दुकान भाड्यानं दिलं. घ्यायला जो आला त्यानं तिथे चाकांच्या बॅगा लावल्या. गुलाबी, निळ्या, फुलांच्या, छताला टांगलेल्या. माणूस चांगला होता. अब्बांसाठी बाहेर खुर्ची ठेवायचा, चहा द्यायचा. अब्बा केडगावहून रिक्षानं जाऊन तिथे बसायचे. छावणीतली पोरं आली की बघायचे. एखादी बॅग हातात घेऊन तिच्या अंगावर बोटाच्या पेरानं ठोकून बघायचे. मग तेही बंद केलं. अम्मीनं विचारलं, का हो जात नाही, तर म्हणाले, "आवाज न्हाई तिथं."

त्यांना तेव्हा जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. पण एकदा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं तेव्हा अब्बांनीच सांगितलं की कानात दिवसभर ठोकाठोक चालू असते. मी डॉक्टरांना विचारलं, थांबेल का. डॉक्टर म्हणाले, अशा कामातल्या माणसांना होतं असं, सवय करून घ्यायची. मी हे अब्बांना सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. सांगू नको, असं नव्हे. राहू दे, त्रास नाही, अशा अर्थानं.

ते गेल्या हिवाळ्यात वारले. सकाळी अम्मीनं चहा नेला तर ते उठले नाहीत. भाईला चाकणहून यायला दुपार झाली. मातीला माणसं पुष्कळ आली, गल्लीतली जी उरली होती तीही आली. बॅगवाल्यानं दिवसभर दुकान बंद ठेवलं.

अब्बांच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत भाई दोनदा येऊन गेला. चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला सोडायला केडगावच्या थांब्यावर गेले. बसला वेळ होता. आम्ही पुणे रोडच्या कडेला एका बंद टपरीच्या फळीवर बसलो. ऊन चढत होतं. मी बऱ्याच दिवसांपासून मनात असलेलं त्याला विचारलं.

"भाई, मी तेव्हा सांगायला नको होतं का?"

त्याच्या नखांच्या कडांना कंपनीचा राखाडी रंग बसलेला होता, तो दुसऱ्या नखानं खरवडत होता.

"तू खरं सांगितलंस," तो म्हणाला. "गाळा घेतला असता तर बुडालो असतो. मला माहीत आहे ते. अब्बांनाही माहीत होतं."

"मग?"

"मग काही न्हाई." तो रस्त्याकडे बघत होता. "फक्त मला वाटतं, अजून थोडे दिवस मिळाले असते. ती पोरं समोर बसायची, गावाचं सांगायची. एकदा कळलं की हे संपणार आहे, मग मला लिहिताच येईना. हात घाई करायला लागला. त्या शुक्रवारी जी पेटी हातात होती ना, तिच्यावरचं नाव मी तीनदा पुसलं."

मी अभ्यास केला होता तेव्हा पत्र्याचा केला होता, बाजाराचा केला होता, कंपन्यांचा केला होता. तो जे सांगत होता त्याला कुठल्या ग्रंथात आकडा नव्हता.

"त्या पोराचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"आठवत न्हाई," भाई म्हणाला. "नागालँडचा होता. लई लांबलचक नाव होतं."

शिरूरकडे जाणारी बस आली. भरलेली होती. भाईनं माझ्या हातातून डब्याची पिशवी घेतली, अम्मीला वेळेवर गोळ्या दे म्हणाला, आणि चढला. बसायला जागा मिळाली नाही. मागच्या काचेतून तो वरचा दांडा धरून उभा असलेला दिसत होता, पाठ माझ्याकडे करून. बस निघाली, आणि मी घराकडे वळले, कारण अम्मी एकटी होती.